‘तिथं’ म्हणजे कुठं?

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावाच्या टोकाला, जिथली माती काळी आणि चिकट होती, तिथे एक कुंभार राहायचा. घरात तो, त्याची बायको आणि बकुळा नावाची त्यांची लहानगी लेक. बकुळा एवढीशी होती, की उभ्या रांजणामागे गेली तर दिसेनाशी व्हायची.

कुंभाराचा हात चांगला होता. त्याचे माठ पाझरायचे बेताचे आणि गार करायचे भरपूर. पण कामाच्या वेळी त्याला जवळपास कोणी आलेलं खपत नसे. बकुळा चाकापाशी आली की तो म्हणायचा, “मागे हो.” ओल्या मडक्यांना हात लावायला गेली की, “बाजूला बस.” काही विचारायला लागली की, “मध्ये बोलू नको.” आणि फारच झालं की, “बाहेर जा बघू!”

बकुळा बाहेर जायची. अंगणात मातीचे गोळे करत बसायची. तिच्याजवळ एक मातीचा बैल होता, त्याच्याशी ती पुष्कळ बोलायची. घरात मात्र तिचं बोलणं दोन-तीन शब्दांत उरकायचं.

एकदा कुंभार भट्टी उघडत होता. वरची राख नीट निवली नव्हती. वाऱ्याचा एक झोत आला आणि गरम राख थेट त्याच्या डोळ्यांत गेली. तो ओरडत खाली बसला. बायकोने हाताला धरून त्याला वैद्याकडे नेलं.

वैद्याने डोळे धुतले, पाल्याचा लेप लावला आणि वरून जाड पट्टी बांधली. म्हणाला, “डोळे वाचतील. पण एक ऐक. ही पट्टी मी माझ्या हाताने सोडीन तेव्हाच सुटेल. त्याआधी उजेड लागला, तर गेलेली दृष्टी माझ्याकडे मागू नकोस.”

“कधी सोडाल?” कुंभाराने विचारलं.

“पौर्णिमेला येईन.”

अमावस्या नुकतीच होऊन गेली होती.

घर तर चालायला हवं. कुंभारीण तयार मडकी गाडीत घालून आसपासच्या बाजारांना जाऊ लागली. सकाळी निघायची, दिवस मावळायच्या आत परतायची. जाताना म्हणाली, “बकुळे, बाबांना काय हवं-नको ते बघ. बाबांना आता दिसत नाही.”

बकुळाने मान हलवली. पण दिसत नाही म्हणजे काय, हे तिला तरी कुठे कळत होतं?

पहिल्याच सकाळी कुंभाराने विचारलं, “बकुळे, माझी काठी कुठंय गं?”

“तिथं,” बकुळा म्हणाली, आणि बोट दाखवलं.

“तिथं म्हणजे कुठं?”

“अशी तिथं!” तिने बोट आणखी ताणलं.

“अगं, मला तुझं बोट दिसतंय का? नीट सांग ना!”

“तिथंच तर आहे!” बकुळा रडवेली झाली.

कुंभार चिडून उठला आणि अंदाजाने निघाला. दोन पावलांतच त्याचा पाय नव्या माठाला लागला. माठ फुटला. कुंभार खापऱ्यांत धपकन बसला आणि मोठ्याने ओरडला, “एवढं साधं सांगता येत नाही तुला?”

त्यानंतर दिवसभर बकुळा बोललीच नाही. त्याने हाक मारली की जवळ यायची, उभी राहायची, आणि तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा. डोळे मिटलेल्या माणसाला गप्प माणूस जवळ असून नसल्यासारखाच. कुंभाराला त्या दिवशी आपलंच घर परकं वाटलं.

संध्याकाळी त्याने बायकोला सारं सांगितलं. म्हणाला, “पोरीला अजून वर-खालीसुद्धा समजत नाही. उद्या तिला शिकवायलाच बसतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने बकुळाला समोर बसवलं. “म्हण, वर.”

“वर.”

“खाली.”

“खाली.”

“आत. बाहेर. पुढे. मागे.”

बकुळा भराभर म्हणाली. तिला ते गाण्यासारखं वाटलं. मान डोलवत ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. कुंभार खूश झाला. म्हणाला, “शाब्बास! आता सांग, पाण्याचा तांब्या कुठंय?”

बकुळाने तांब्याकडे पाहिलं आणि आनंदाने सांगितलं, “वरखालीआतबाहेरपुढेमागे!”

कुंभाराला हसावं की रडावं ते कळेना.

त्या रात्री जेवताना त्याने हेही बायकोला सांगितलं. ती भाकरी मोडून त्याच्या हातात देत होती. ती म्हणाली, “तुम्ही रागावणार नसाल तर बोलू?”

“बोल की.”

“हे शब्द काही पोरीने आज पहिल्यांदा ऐकले नाहीत. मागे हो, बाजूला बस, मध्ये बोलू नको, बाहेर जा. जन्मल्यापासून ऐकतेय. पण तिच्यासाठी ते जागेचे शब्द नाहीत हो. ते रागाचे शब्द आहेत. तुम्ही म्हणालात की ती पळते. ते शब्द हातात घेऊन बघायला तिला कधी मिळालेच नाहीत.”

कुंभाराने हातातला घास खाली ठेवला. बायकोने रागाने म्हटलं असतं तर त्याने उलट उत्तर दिलं असतं. पण ती साधं सांगत होती, आणि ते खरं होतं.

सकाळी तो अंगणात येऊन बसला. त्याने बकुळाला हाक मारली. ती आली आणि थोडी लांब उभी राहिली.

“बकुळे, तुझा बैल माझ्यापासून लपव बघू. मी शोधतो.”

“खरंच?” ती दोन पावलं जवळ आली.

“खरंच. माझे डोळे तर बांधलेलेच आहेत. मी चोरून बघूच शकत नाही.”

हे बकुळाला फार आवडलं. ती धावत गेली, बैल लपवून आली आणि टाळ्या पिटायला लागली. कुंभार गुडघ्यांवर रांगत शोधू लागला. त्याने घमेलं चाचपलं, चाक चाचपलं, राखेच्या ढिगात हात घातला. बैल काही मिळेना. बकुळा हसून हसून लोळायला लागली. मग थोड्या वेळाने तिलाच त्याची दया आली.

“बाबा, तिथं नाही. टोपलीत आहे.”

“टोपलीच्या वर की आत?”

बकुळा थबकली. कुंभाराला घाई करावीशी वाटली, उत्तर आपणच सांगून टाकावंसं वाटलं. पण त्याने ओठ मिटले. ती टोपलीपाशी गेल्याचं त्याला ऐकू आलं. तिने बैल बाहेर काढला, टोपली पालथी केली, तिच्यावर बैल ठेवला. मग पुन्हा सुलटी करून आत टाकला. आणि मग ओरडली, “आत! टोपलीच्या आत!”

कुंभाराने आत हात घातला आणि बैल उचलून धरला. दोघंही इतकी हसली, की शेजारीण आपल्या तान्ह्याला कडेवर घेऊन कुंपणाशी बघायला आली.

मग हा त्यांचा रोजचा खेळ झाला. बैल कधी झाकणीखाली, कधी दोन गाडग्यांच्या मध्ये, कधी चुलीशेजारी. खेळता खेळता काठीही तशीच सापडायला लागली, तांब्याही, मिठाचं गाडगंही. बकुळा चुकायची. तेव्हा कुंभार “चुकलं” म्हणत नसे. ती म्हणेल तिथेच हात घालायचा आणि रिकामा हात तिला दाखवायचा. तिचं तिलाच कळायचं.

एक दिवस मात्र मोठा घोळ झाला. बकुळा दाराशी उभी राहून म्हणाली, “बैल रांजणाच्या मागे.” कुंभार भिंतीकडच्या बाजूला बसला होता. तो उठून रांजणापाशी आला, रांजणाला वळसा घालून पलीकडे गेला आणि चाचपू लागला. काहीच नाही.

“मागे म्हटलं ना!” बकुळा वैतागली.

“मी मागेच बघतोय.”

“नाही! तू पुढे बघतोयस!”

“बरं, तू इकडे ये. मी बसलो होतो तिथे उभी राहा आणि मग बघ.”

बकुळा धावत गेली. भिंतीकडे उभी राहिली. बैल रांजणाच्या अलीकडे, तिच्या अगदी पुढ्यात पडला होता. ती पुन्हा दाराशी गेली. तिथून बैल रांजणाआड. पुन्हा भिंतीकडे. पुन्हा दाराशी. तिच्या पावलांचा पळापळीचा आवाज कुंभार ऐकत राहिला.

“बाबा,” शेवटी ती हळूच म्हणाली, “बैल हललाच नाही. मीच हलले.”

कुंभाराला तिला उचलून घ्यावंसं वाटलं, आणि त्याने उचललंच. अशी गंमत आपल्या अंगणात आहे, हे त्याच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. तेव्हापासून बकुळाने आपणच ठरवून टाकलं. काही सांगायचं असलं की ती आधी बापाच्या शेजारी येऊन उभी राहायची, त्याचं तोंड ज्या बाजूला असेल तिकडे आपलं तोंड करायची, आणि मगच सांगायची. उजवा हात म्हणजे जेवणाचा हात आणि डावा म्हणजे दुसरा हात, हेही तिने पाठ केलं. पण ते कधी कधी उलटसुलट व्हायचं.

चंद्र वाढत वाढत जवळजवळ गोल झाला होता. त्या दिवशी गावातच बाजार होता, त्यामुळे गल्ली ओस पडली होती. कुंभारीण पहाटेच गाडी घेऊन बाजारात गेली होती. शेजारीण तान्ह्याला पाळण्यात झोपवून नदीवर धुणं घेऊन गेली. जाताना कुंपणावरून म्हणाली, “जरा कानोसा ठेवा हो. ही मी आलेच.”

कुंभार ओसरीवर बसून पणत्या घडवत होता. पणत्यांना डोळे लागत नव्हते, बोटांनाच सगळं ठाऊक होतं. थोड्या वेळाने अंगणातून गडगड असा आवाज आला. मग पुन्हा गडगड. मग एक किलकारी.

“बकुळे, काय आहे गं?”

बकुळा धावत गेली आणि किंचाळली. “बाबा! तान्हा! तान्हा रांजणात गेला!”

पाळण्यातून उतरून पोर रांगत कुंपणाच्या भगदाडातून अंगणात आलं होतं. अंगणात एक मोठा रांजण धुऊन वाळायला आडवा ठेवलेला होता. गुहेत शिरावं तसं ते पोर त्यात शिरलं होतं, आणि आत बसून मजेत डुलत होतं. त्याच्याबरोबर रांजणही डुलत होता. रांजणाच्या तोंडालगत एका बाजूला कुंभारणीने मोठ्या माठांची उतरंड रचली होती, एकावर एक, माणसाच्या डोक्याइतकी उंच. रांजण डुलला की त्याचा काठ उतरंडीला धडकत होता आणि वरचे माठ हलत होते.

“उतरंड हलतेय बाबा!” बकुळाचा आवाज चिरकला.

कुंभार ताडकन उभा राहिला. ती उतरंड कोसळली, तर बरोबर रांजणाच्या तोंडावर येणार. पोर त्याच क्षणी बाहेर डोकावलं तर? त्याने शेजाऱ्यांना हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. त्याचा हात आपसूक डोक्यामागे गेला, पट्टीच्या गाठीवर. एक हिसका, की सगळं दिसेल. मग पुढे आयुष्यभर दिसो न दिसो. गाठ थोडी सैल झालीसुद्धा.

तेवढ्यात त्याच्या शेजारी छोटी पावलं येऊन थांबली. एका ओल्या, मातीने भरलेल्या हाताने त्याचं बोट धरलं.

“बाबा, नको. मी सांगते.”

पोर दुसऱ्याचं, उतरंड डोक्याइतकी उंच, आणि सांगणारी आपली एवढीशी बकुळा, जिचं उजवं-डावं अजून उलटसुलट व्हायचं. मग त्याने गाठीवरचा हात खाली घेतला.

“सांग,” तो म्हणाला.

“पुढे चल. अजून पुढे. अजून. थांब! आता रांजण तुझ्या पायाजवळ आहे.”

“उतरंड कुठल्या हाताला?”

“जेवणाच्या!” आणि लगेच, “नाही नाही, थांब!” कुंभार थांबला. मनातल्या मनात बकुळा भाकरी मोडून बघत असणार. उतरंड पुन्हा खडखडली, तरी तो थांबला. “दुसऱ्या हाताला, बाबा. दुसऱ्या!”

त्याने डावा हात हळूच लांब केला. बोटांना माठाचं गार अंग लागलं. हात वर सरकवत त्याने थर चाचपले, मग वळून आपली पाठ उतरंडीला टेकवली आणि पाय रोवले. उतरंड हलायची थांबली.

“आता तान्हा कुठंय?”

“रांजणाच्या आत. पार मागे, तळाशी.”

कुंभाराने गुडघे वाकवून एक हात खाली नेला, रांजणाच्या तोंडातून आत घातला. हात पोहोचेना. उलट पट्टी बांधलेला तो माणूस बघून पोर रडायला लागलं आणि आणखी मागे सरकलं. रांजण पुन्हा डुलला.

“तो तुला भितोय,” बकुळा म्हणाली. “मी बोलावते त्याला.” ती रांजणाच्या तोंडाशी बसली. तिच्या डोक्यावर उतरंड होती आणि उतरंडीला बापाची पाठ. “ये रे, ये रे, बाहेर ये. बघ, माझा बैल! बैल बाहेर आहे. बाहेर ये.”

पोर रडायचं थांबलं. मग रांजणाच्या आत तळव्यांचा पटपट आवाज आला.

“येतोय, बाबा. अजून आत आहे. आता मध्ये आला. आता तोंडाशी. आता! तुझ्या हाताच्या खाली!”

कुंभाराने हात खाली सोडला. बोटांत एक मऊ दंड आला. त्याने पोर अलगद बाहेर ओढलं आणि छातीशी धरलं. “बकुळे, आता तू लांब हो. ओसरीवर जा.”

ती ओसरीवर पोहोचून ओरडली, “पोचले!” तेव्हा कुंभाराने पाठ सोडली आणि भराभर पावलं टाकत पुढे आला. मागे वरचे दोन माठ घसरले आणि रांजणाच्या तोंडावर आपटून फुटले.

शेजारीण धुण्याची बादली घेऊन आली, तेव्हा तिचं पोर कुंभाराच्या मांडीवर बसून मातीच्या बैलाचं शिंग चोखत होतं. काय झालं ते तिने ऐकलं. पोराला घट्ट धरून रडली, मग बकुळाला जवळ ओढलं, मग पुन्हा रडली. शेवटी डोळे पुसत म्हणाली, “पण भाऊ, तुम्हाला तर दिसत नाही!”

“मला नाही दिसलं,” कुंभार म्हणाला. “मला ऐकू आलं.”

पौर्णिमेला वैद्य आला. दारं लावून, अंधार करून त्याने पट्टी सोडली. मग एकेक दार किलकिलं केलं. कुंभाराला आधी धूसर दिसलं, मग हळूहळू स्पष्ट. समोर बकुळा श्वास रोखून उभी होती. गालाला माती, केसांत राख. कुंभार तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला, की तीच कंटाळून म्हणाली, “दिसतंय ना? मग मी खेळायला जाऊ?”

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आपापली पोरं घेऊन बायका कुंभाराकडे येऊ लागल्या. म्हणायच्या, “आमच्याही पोरांना शिकवा ना. तुम्ही काय पाठ करून घेता?”

कुंभार लाजून म्हणायचा, “मला कुठे शिकवता येतं? पाठ करून घेतलं होतं, ते फुकट गेलं. तुम्ही भाकऱ्या करताना परात कुठे ठेवू म्हणून पोरालाच विचारा. आणि मग गप्प बसा. तेच अवघड आहे. पोर विचार करत असतं तेवढा वेळ आपलं तोंड बंद ठेवणं, ते मला डोळे बांधल्यावरच जमलं.”

काही बायका हसून निघून गेल्या. काहींनी घरी जाऊन करून पाहिलं. शेजारीण तर तान्ह्याला न्हाऊ घालतानासुद्धा पाणी डोक्यावर की पायावर, असं विचारायची, आणि ते पोर उत्तरादाखल पाण्यात थापटी मारायचं.

मग नवी भट्टी रचायचा दिवस आला. कुंभाराने यंदा बकुळाला हाताशी घेतलं. मोठे रांजण खाली, त्यांच्यावर माठ, फटींत गाडगी. काम पूर्वीपेक्षा सावकाश होत होतं आणि कुंभारीण चाललेली बडबड ऐकत गोवऱ्या आणून देत होती.

सगळं रचून होत आल्यावर बकुळाने पाठीमागे लपवलेला हात पुढे केला. तळहातावर तिने स्वतः केलेली एक पणती होती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ.

“ही कुठं ठेवू या?” कुंभाराने विचारलं.

बकुळाने भट्टीभोवती एक फेरी मारली. सगळ्यात वर बघितलं, मान हलवली. कडेला बघितलं, नाक मुरडलं. कुंभार आणि कुंभारीण दोघंही थांबली होती. ऊन चढत होतं, पण कोणालाच घाई नव्हती.

“त्या माठाच्या आत,” बकुळा म्हणाली. “म्हणजे वारा लागणार नाही.”

कुंभाराने माठावरची झाकणी उचलली. बकुळाने टाचा उंचावल्या, हात आत घातला आणि पणती तळाशी ठेवली. भट्टी पेटली, धुमसली, आणि नीट निवल्यावरच उघडली. माठातून निघालेली पणती लालभडक होती, कुठेही तडा नव्हता. बकुळाने नखाने टिचकी मारली. पणती टण्णकन वाजली, आणि तो आवाज ऐकवायला तिने ती आधी बापाच्या कानाशी नेली.

तात्पर्य : शब्द तोंडी घोकून नाही, हाताने करून मुलाचे होतात, आणि जो मोठा माणूस विचारून झाल्यावर उत्तराची वाट बघतो, त्यालाच ते उत्तर ऐकायला मिळतं.